स्वयंपाकघरातले टेबल आणि छापखाना

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)

पत्रक ही वस्तू कार्यकर्त्याला नवी नाही. रात्री जागून मजकूर लिहायचा, सकाळी छापखान्याच्या दारात तिष्ठत उभे राहायचे, शाई पुरती वाळण्यापूर्वीच गठ्ठा खांद्यावर टाकून गिरणीच्या फाटकाशी नाहीतर बाजाराच्या तोंडाशी वाटत सुटायचे, हा पुष्कळांच्या उमेदीच्या वर्षांचा नित्यक्रम होता. दोन दिवसांनी वाण्याने त्याच पत्रकात शेंगदाणे बांधून दिलेले पाहण्याची पाळीही पुष्कळांवर आली असेल. पत्रकाचे आयुष्य असे अल्प असते. तरीही एखादे पत्रक चाळीस-पंचेचाळीस वर्षे टिकते आणि त्याच्या मुखपृष्ठावरची एक खाडाखोड इतिहासाचा पुरावा होऊन बसते. अशाच एका पत्रकापासून आजच्या विषयाला प्रारंभ करणे उचित होईल.

१९७९ सालच्या जानेवारी ते मे या महिन्यांत अमेरिकेतील बॉस्टन शहरात बारा कृष्णवर्णीय स्त्रियांचे खून झाले. मोठ्या वृत्तपत्रांनी आरंभीच्या बातम्या आतल्या पानांवर, मोजक्या ओळींत उरकल्या. १ एप्रिल रोजी वस्तीतून मोर्चा निघाला. त्यानंतरच्या सभेत बोलणारे बहुतेक पुरुष होते. हे वंशद्वेषाचे बळी आहेत, असे त्यांनी सांगितले. आणि स्त्रियांनी एकटे बाहेर पडू नये, पुरुषांनी त्यांचे रक्षण करावे, असा उपदेशही केला. वंशद्वेषाची गोष्ट खोटी नव्हती. पण मेलेल्या सगळ्या स्त्रियाच होत्या, ही उघड्या डोळ्यांना दिसणारी गोष्ट त्या व्यासपीठावरून कोणी नीट उच्चारली नाही. ज्यांना एकटे बाहेर पडल्यावाचून गत्यंतर नव्हते, ज्यांची पाळी रात्री सुटत होती, त्यांनी काय करावे, याचेही उत्तर मिळाले नाही.

सभेतून घरी परतलेल्या बार्बरा स्मिथ यांनी पुस्तिकेचा मजकूर लिहायला घेतला. सहा कृष्णवर्णीय स्त्रिया का मेल्या, असा प्रश्न तिच्या शीर्षकातच होता. वर्णद्वेष आणि स्त्रीवरील हिंसा या दोन गोष्टी येथे एकाच देहावर येऊन आदळल्या आहेत, हे तिच्यात स्वच्छ शब्दांत मांडलेले होते. त्याबरोबरच स्वसंरक्षणाचे साधे उपाय होते आणि मदतीला धावून येऊ शकतील अशा संघटनांची माहिती होती. पुस्तिकेच्या हजारो प्रती वाटल्या गेल्या. स्पॅनिश बोलणाऱ्या शेजारणींसाठी तिचा अनुवादही झाला. पण खून थांबले नव्हते. नवी आवृत्ती काढावी तो मृतांची संख्या वाढलेली असे. तेव्हा त्या स्त्रियांनी शीर्षकातला आकडा खोडला आणि शेजारी पुढचा लिहिला. मग तोही खोडला. एकावर एक खोडलेल्या आकड्यांचे ते मुखपृष्ठ आज अभिलेखागारात पाहावयास मिळते.

आपले म्हणणे आपणच छापणे म्हणजे काय, हे त्या खोडलेल्या आकड्यांइतके स्पष्टपणे कुठलीही व्याख्या सांगू शकणार नाही. दुसऱ्याच्या वृत्तपत्रात तुमच्या मरणाची बातमी कोणत्या पानावर यावी हे दुसरा ठरवतो. स्वतःच्या पत्रकात आकडा चुकला तर तो त्याच रात्री दुरुस्त करता येतो.

आपल्याकडे स्वखर्चाने छापलेल्या पुस्तकाकडे किंचित उपहासाने पाहण्याची रीत आहे. प्रकाशक मिळाला नाही म्हणून गाठीचे पैसे खर्चून हौस भागवली, असा त्याचा अर्थ घेतला जातो. पण अमेरिकेतील गौरेतर स्त्रियांनी, आणि विशेषतः त्यांच्यातील तरुणींनी, गेल्या अर्धशतकात जे छापले, शिवले, चितारले आणि हातोहात वाटले, त्याला हौस म्हणणे म्हणजे भुकेला चोचला म्हणण्यासारखे आहे. त्यांच्यापुढे प्रश्न असा होता की आपले रोजचे जगणे विचार करण्याच्या योग्यतेचे आहे की नाही. विद्यापीठे, प्रकाशनसंस्था, संग्रहालये आणि चळवळींची मुखपत्रे यांनी या प्रश्नाचे उत्तर बहुधा मौनानेच दिले होते.

‘गौरेतर स्त्रिया’ हा शब्द येथे ज्या अर्थी वापरला आहे, तो थोडा स्पष्ट केला पाहिजे. आफ्रिकी, मेक्सिकन, पोर्तो रिकन, आशियाई वंशाच्या आणि मूळच्या अमेरिकी जमातींतील स्त्रियांनी १९७० नंतरच्या दशकात एक सामाईक नाव घेतले. ते त्वचेच्या छटेचे वर्णन नव्हते. एकत्र उभे राहण्याचा तो करार होता. बार्बरा स्मिथ ज्या गटात काम करीत होत्या, त्याचे नाव कम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह. जून १८६३ मध्ये साउथ कॅरोलिनातील कम्बाही नदीवर हॅरिएट टबमन या पूर्वाश्रमीच्या गुलाम स्त्रीने सैन्याच्या तुकडीला वाट दाखवून सातशेहून अधिक गुलामांना मुक्त केले होते. त्या मोहिमेवरून हे नाव घेतले गेले. एप्रिल १९७७ मध्ये या गटाने एक निवेदन सिद्ध केले. वंश, वर्ग आणि लिंग यांची दडपशाही एकमेकींत गुंतलेली आहे, जगताना ती वेगवेगळी करून भोगता येत नाही, हे त्याचे सूत्र होते. या स्त्रिया स्वतःला समाजवादी म्हणवीत. श्रमाची मांडणी श्रम करणाऱ्यांच्या सामूहिक हितासाठी झाली पाहिजे, हे त्यांनी निःसंदिग्धपणे लिहिले. मात्र स्त्रीमुक्तीचा आणि वर्णद्वेषाच्या विरोधाचा अंतर्भाव नसलेली समाजवादी क्रांती आपल्याला मुक्त करील, याविषयी आपली खात्री पटलेली नाही, हेही त्यांनी तितक्याच शांतपणे नोंदवले. हे वाक्य विरोधकाचे नाही, घरातल्या माणसाचे आहे. म्हणून ते अधिक लक्षपूर्वक ऐकले पाहिजे.

आता रोजच्या जगण्याकडे वळू. ऑड्री लॉर्ड या कवयित्रीचा जन्म १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये, कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कुटुंबात झाला. अनेक वर्षे त्यांनी ग्रंथपालाची नोकरी केली. १९८० साली दिलेल्या एका व्याख्यानात त्यांनी एक अत्यंत व्यावहारिक मुद्दा मांडला. कवितेला सर्वांत कमी भांडवल लागते, असे त्या म्हणाल्या. दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात, रुग्णालयाच्या कोठीघरात, आगगाडीत, हाती लागेल त्या चिटोऱ्यावर कविता लिहिता येते. गद्याला स्वतःची खोली लागते, कागदाची रिमे लागतात, टंकलेखनयंत्र लागते आणि वेळ लागतो. तेव्हा कोणी काय लिहिले याची चर्चा करताना त्यामागे वर्गाचा आणि पैशाचा हिशेब असतो, हे विसरून चालणार नाही. ज्या स्त्रियांनी दळता दळता ओवी रचली त्यांनी कादंबरी का लिहिली नाही, असे विचारण्याचे धाडस मराठी माणूस करणार नाही. जात्याचा खुंटा हातात असताना जे जमते तेच त्यांनी केले, आणि ते उत्तम केले. लॉर्ड यांचे म्हणणे तेच होते.

याच लॉर्डबाईंनी १९८० च्या ऑक्टोबरमध्ये बार्बरा स्मिथ यांना दूरध्वनी करून, आपण प्रकाशनाचे काहीतरी केले पाहिजे, असे सांगितले. त्यातून ‘किचन टेबल : विमेन ऑफ कलर प्रेस’ ही संस्था उभी राहिली. नाव मुद्दाम निवडलेले होते. स्वयंपाकघर ही घरातील अशी जागा, जिथे बायका काम करतात आणि काम करता करता एकमेकींशी बोलतात. भांडवलदाराचे पाठबळ नाही, वारसाहक्काची इस्टेट नाही. टेबलावरची भांडी बाजूला सारायची आणि तिथेच मुद्रिते तपासायची, असा हा व्यवहार आहे, हे त्या नावातून सूचित होत होते. दिवसा उपजीविकेचे काम आणि उरलेल्या वेळात प्रकाशन, अशी ती ओढाताण होती.

या संस्थेची गरज काय होती, हे एका पुस्तकाच्या हकीकतीवरून कळते. चेरी मोरागा आणि ग्लोरिया आन्सालदुआ या दोन तरुण लेखिकांनी गौरेतर स्त्रियांच्या लेखनाचा ‘धिस ब्रिज कॉल्ड माय बॅक’ हा संग्रह संपादित केला. तो १९८१ साली गोऱ्या स्त्रीवाद्यांनी चालवलेल्या एका लहान प्रकाशनसंस्थेने काढला. कवितेपासून पत्रापर्यंत आणि आठवणींपासून वादविवादापर्यंत सर्व प्रकार त्यात एकत्र नांदत होते. पुस्तक गाजले. पण १९८३ मध्ये ती संस्थाच बंद पडली आणि गाजत असलेले पुस्तक बाजारातून नाहीसे होण्याची वेळ आली. त्याच वर्षी किचन टेबलने त्याची दुसरी आवृत्ती काढली, म्हणून ते जगले. पुढे विद्यापीठांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. स्नेह्यांच्या घरी राहिलेला भाडेकरूही शेवटी भाडेकरूच असतो. घरमालक सज्जन असूनही घर विकले जाऊ शकते.

किचन टेबलने पुस्तकांबरोबर स्वस्त पुस्तिकांची मालाही काढली. कम्बाही गटाचे निवेदन, ऑड्री लॉर्ड आणि अँजेला डेव्हिस यांचे लेखन त्या मालेतून सुटे सुटे वाचकांपर्यंत गेले. १९८८ मध्ये हिसाये यामामोटो यांच्या कथांचा संग्रह निघाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबले होते, त्यांत यामामोटोही होत्या. ऑड्री लॉर्ड नोव्हेंबर १९९२ मध्ये कर्करोगाने निवर्तल्या आणि त्यानंतर काही वर्षांत संस्थेचे कामही थांबले. संस्था अल्पायुषी ठरली, हे मान्य केले पाहिजे. तिने वाचवलेली पुस्तके मात्र अल्पायुषी ठरली नाहीत.

छापण्याचे साधन हाती नसेल तर काय करावे, याचे एक विलक्षण उत्तर फेथ रिंगगोल्ड यांनी दिले. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९३० साली जन्मलेल्या या चित्रकर्तीने १९७० मध्ये व्हिटनी संग्रहालयाच्या वार्षिक प्रदर्शनात निम्म्या कलावंत स्त्रिया असाव्यात, अशी मागणी करणाऱ्या आंदोलनात भाग घेतला होता. पुढच्याच वर्षी कृष्णवर्णीय चित्रकर्तींनी ‘व्हेअर वी ॲट’ या नावाने आपले स्वतंत्र प्रदर्शन भरवले, त्यातही त्या होत्या. रिंगगोल्ड यांनी आपले आत्मचरित्र लिहिले, पण ते कोणी छापीना. तेव्हा त्यांनी गोधडी शिवायला घेतली. त्यांची आई विली पोझी ही हार्लेममध्ये कपडे बेतणारी आणि शिवणारी कसबी स्त्री. १९८० साली मायलेकींनी मिळून पहिली गोधडी पुरी केली; दुसऱ्या वर्षी आई वारली. १९८३ पासून रिंगगोल्ड यांनी गोधडीवर चित्रांच्या जोडीने कथा लिहिण्यास प्रारंभ केला. हिशेब साधा होता. गोधडी प्रदर्शनात टांगली की तिच्यावरची कथा लोक वाचणारच. तिला संपादकाची कात्री लागणार नाही आणि प्रकाशकाचा नकारही येणार नाही. त्यांचे आत्मचरित्र पुस्तकरूपाने १९९५ मध्ये निघाले. तोवर त्यांच्या गोधड्या कितीतरी भिंतींवर वाचल्या गेल्या होत्या.

त्या पहिल्या कथागोधडीचा विषय आंट जमायमा हा होता. डोक्याला फडके बांधलेली, सदैव हसतमुख, लठ्ठ काळी स्वयंपाकीण हे अमेरिकेतील एका प्रसिद्ध पिठाच्या पाकिटावरचे चित्र होते. गोऱ्यांच्या घरात आनंदाने राबणारी दासी ही प्रतिमा त्या पाकिटाबरोबर घरोघर पोचली. लॉस एंजेलिसच्या कलावती बेट्टी सार यांनी १९७२ साली हीच बाहुली घेतली आणि तिच्या एका हातात झाडू, दुसऱ्या हातात बंदूक दिली. रिंगगोल्ड यांनी १९८३ मध्ये तिला दासीपणातून काढून स्वतःचा व्यवसाय चालवणारी, कुटुंबकबिला असलेली स्त्री केले. दोघींनीही नवी देवी घडवली नाही. स्वयंपाकघरातल्या फळीवर रोज दिसणारी वस्तूच त्यांनी उचलली, कारण अपमान तिथेच होत होता. २०२० साली वर्णद्वेषाविरुद्ध देशभर उसळलेल्या आंदोलनानंतर त्या कंपनीने ते नाव आणि चित्र मागे घेत असल्याचे जाहीर केले. हे काम रस्त्यावरच्या लोकांनी केले, कलाकृतींनी नव्हे. पण त्या चित्रात आक्षेपार्ह काय आहे, हे अठ्ठेचाळीस वर्षे आधी एका स्त्रीने हातातल्या साहित्यानिशी सांगून ठेवले होते.

रिंगगोल्ड यांची १९८८ सालची ‘टार बीच’ ही गोधडी कामगार चळवळीतील साथींनी अवश्य समजून घ्यावी अशी आहे. हार्लेममधील इमारतीची डांबरी गच्ची हाच त्या गरीब कुटुंबांचा समुद्रकिनारा. उकाड्याच्या रात्री मोठी माणसे पत्ते खेळत बसली आहेत आणि आठ वर्षांची कॅसी कल्पनेने जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून उडते आहे. तिचा बाप उंच पोलादी सांगाड्यांवर काम करतो. पण त्याच्या वंशामुळे त्याला कामगार संघटनेत प्रवेश नाही. ती मुलगी मनाशी ठरवते की संघटनेच्या इमारतीवरून आपण उडायचे, म्हणजे ती बापाची होईल. लहान मुलाच्या तोंडची ही गोष्ट ऐकताना हसू येते आणि पाठोपाठ मान खाली जाते. ज्या संघटनेचे दार त्या बापाला बंद होते, ती मालकाची नव्हती, कामगारांचीच होती.

यानंतरची पिढी थेट शाळा-महाविद्यालयांतील मुलींची आहे. १९९१ च्या सुमारास वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिया गावाच्या परिसरात बंडखोर मुलींनी संगीताचे गट काढले आणि त्यांच्याबरोबर ‘झीन’ नावाची छोटी हस्तनिर्मित पत्रे सुरू केली. साठोत्तरी मुंबईतील चक्रमुद्रित अनियतकालिके ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्यांचे स्वरूप चटकन कळेल. हाताने लिहिलेला किंवा टंकलिखित मजकूर, कात्रणे, रेखाटने. सगळे चिकटवून त्याच्या छायाप्रती काढायच्या, मध्ये टाचण्या मारायच्या आणि चार पैशांना विकायचे नाहीतर टपालाने अदलाबदल करायची. नोंदणी नाही, जाहिरात नाही, संपादक मंडळ नाही. मुलींच्या खोल्यांतली गुपिते, त्यांच्यावरचे अत्याचार, त्यांचा राग, सर्व काही त्या पानांत होते.

परंतु या बंडातही बहुसंख्या गोऱ्या मुलींची होती, आणि ‘आपण सगळ्या मुली’ या शब्दांत सगळ्या मुली येत नव्हत्या. व्हिएतनामी वंशाच्या मिमी थी न्यूएन यांनी १९९७ साली ‘इव्होल्यूशन ऑफ अ रेस रायट’ हे संकलन काढून बंडखोरांच्या त्या वर्तुळातील गौरेतर तरुण-तरुणींचे लेखन एकत्र आणले. २००६ मध्ये ओसा अटो यांनी ‘शॉटगन सीमस्ट्रेस’ हे कृष्णवर्णीय कलावंतांचे आणि वादकांचे झीन सुरू केले. नावातली शिवणकाम करणारी स्त्री पुन्हा ओळखीचीच आहे. २०१० मध्ये अशी विखुरलेली पत्रे शोधून, जपून, गावोगाव फिरून वाचून दाखवण्याचा एक उपक्रम गौरेतर तरुणांनी उभारला. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयाच्या ग्रंथालयानेही स्त्रियांच्या, विशेषतः गौरेतर स्त्रियांच्या झीनांचा मोठा संग्रह केला आहे.

या लेखनात असते तरी काय? आईच्या उच्चारांची वर्गात झालेली थट्टा. केस सरळ करण्यासाठी जाळून घेतलेली टाळू. दुकानात मागे मागे फिरणारा पहारेकरी. घरची भाषा एक, शाळेची दुसरी, आणि दोन्हींत परकेपणा. मोठ्या राजकारणाच्या दृष्टीने या क्षुल्लक गोष्टी आहेत, असा आक्षेप घेतला जातो. त्याहून गंभीर आक्षेप असा की अशा वेगवेगळ्या चुली मांडल्याने चळवळीची एकजूट भंगते. या आक्षेपांना टाळून पुढे जाता येणार नाही.

पहिल्याचे उत्तर बॉस्टनमध्ये मिळाले आहे. रात्री पाळीवरून एकट्याने घरी जाणे ही क्षुल्लक गोष्ट होती. सहाव्या, आठव्या, बाराव्या खुनापर्यंत ती क्षुल्लकच राहिली. जे रोज घडते त्याचीच माणसाला सवय होते, आणि सवय झालेला अन्याय अन्याय वाटेनासा होतो. तो लिहून, छापून, चारचौघांत वाचला म्हणजे पुन्हा दिसू लागतो. दुसऱ्या आक्षेपाबद्दल एवढेच म्हणता येईल की चूल वेगळी मांडण्याआधी या स्त्रियांनी सामाईक पंगतीत बराच काळ वाट पाहिली होती. एकजुटीची हाक देणाऱ्यांनी वाढपी कोण आणि जेवणारे कोण, याचा विचार आधी करावयास हवा होता. आणि वेगळ्या चुलीवर शिजलेले अन्न त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही. कम्बाहीचे निवेदन आज सर्व वर्णांचे कार्यकर्ते वाचतात.

अर्थात या मार्गाच्या मर्यादाही आहेत. टाचण्या मारलेली चार पाने संघटनेची जागा घेऊ शकत नाहीत. आणि बाजार मोठा चतुर आहे. बंडाची वेशभूषा तो हां हां म्हणता विक्रीस काढतो. ‘टार बीच’ आज न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाच्या मालकीची आहे. रिंगगोल्ड २०२४ च्या एप्रिलमध्ये त्र्याण्णव वर्षांच्या होऊन वारल्या, तेव्हा जगभर त्यांचा गौरव झाला. ते योग्यच होते. पण गौरव झालेली गोधडी काचेआड जाते, आणि गच्चीवर झोपणाऱ्या मुलीला ती पाहायला तिकीट लागते.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी असलेला एक धागा सांगून हे विवेचन आवरते घेऊ. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, ती अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण करून. टबमनची मोहीम होऊन तेव्हा अवघी दहा वर्षे झाली होती. त्याच फुल्यांच्या सत्यशोधकी वातावरणात वाढलेल्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापली. त्या पुस्तकावर टीकेची झोड उठली. ज्योतिबांनी ‘सत्सार’मधून तिची बाजू घेतली. पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही, आणि ‘स्त्रीपुरुष तुलना’ही विस्मृतीत गेली. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ती पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत त्र्याण्णव वर्षे लोटली होती. पुस्तक तेजस्वी होते, समर्थक थोर होते. पण ते पुन्हा पुन्हा छापून हातोहात पोचवील असे स्वयंपाकघरातले टेबल महाराष्ट्रात तेव्हा नव्हते.

तेव्हा साथींनो, पुढच्या वेळी पत्रकाचा मजकूर ठरवायला आपण बसू, तेव्हा खोलीत एकवार नजर फिरवावी. चहा कोण करते आहे, चिकटवण्याची खळ कोण शिजवते आहे आणि लेखणी कोणाच्या हातात आहे, ते पाहावे. आपल्या प्रत्येक शाखेत वहीच्या मागच्या पानांवर काहीतरी लिहिणारी एखादी मुलगी असतेच. तिचा मजकूर सुधारून, कापून, महिला विशेषांकापर्यंत थोपवून धरण्याचा मोह आवरावा. तिला कागद द्यावा, छपाईच्या पैशांची वर्गणी द्यावी आणि मुखपृष्ठावर काय राहावे, काय खोडावे, हे तिचे तिला ठरवू द्यावे.